थेट चेंडू



गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तुमच्या भाच्याला जरा येऊन समजवा. रात्री एक-एक वाजेपर्यंत लॅपटॉपपुढे बसतो. विचारलं तर म्हणतो, माझी टीम हरतेय." रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही तिच्या घरी गेलो ते चार शब्द सुनावण्याच्या तयारीनेच. रात्रीचे साडेनऊ झाले तेव्हा भाच्याच्या शेजारी खुर्ची ओढून त्याच लॅपटॉपपुढे आम्हीही बसलेले होतो. बहिणीने दोनदा चहा आणून ठेवला, तिसऱ्यांदा नुसतेच आमच्याकडे पाहिले. असो.

खेळाचे नाव फुटबॉल मॅनेजर. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा भावांनी बनवलेला हा खेळ इंग्लंडात १९९२ साली चॅम्पियनशिप मॅनेजर या नावाने बाजारात आला आणि २००४ पासून आजच्या नावाने निघतो आहे. यात आपण चेंडूला पाय लावत नाही, बंदुकाही उडवत नाही. आपण संघाचे मॅनेजर असतो. कोणाला घ्यायचे, कोणाला किती पगार द्यायचा, कोण कुठे उभा राहील, चेंडू कसा पुढे न्यायचा, हे आपण ठरवायचे आणि मग संगणक तो सामना पडद्यावर खेळून दाखवतो. खेळाडूंची नावे खरी, क्लब खरे. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक ते वीस या मापात गुण मांडलेले असतात. वेग किती, ताकद किती, उडी किती, पास किती अचूक, दमसास किती, एवढेच काय, कष्टाळूपणा किती याचाही आकडा! ज्या आईबापांना वाटते की पोरगा नुसता वेळ घालवतो, त्यांनी एकदा शेजारी बसून पाहावे. आमच्या गिरणीतल्या जॉबरलाही इतका हिशेब ठेवावा लागत नव्हता.

भाच्याने इंग्लंडमधल्या चौथ्या पायरीच्या साखळीतला एक गरीब क्लब घेतला होता. "मोठा क्लब घेऊन जिंकण्यात काय मजा आहे मामा?" हे त्याचे उत्तर आम्हाला आवडले. पण क्लब गरिबाचा घेऊन त्याला खेळवायला घेतला श्रीमंताच्या चालीने. पेप ग्वार्दिओला यांची मँचेस्टर सिटीतली पद्धत त्याने जशीच्या तशी उतरवली होती. गोलरक्षकापासून छोटे छोटे पास, चेंडू आपल्याच पायात ठेवायचा, विणत विणत पुढे जायचे. दिसायला सुंदर. नऊ सामन्यांत सहा पराभव!

कारण शोधायला पंडित नको होता. त्याच्या मधल्या बचावपटूचा चेंडू अडवून पायात घेण्याचा गुण होता वीसपैकी सात, पासचा आठ. अशा माणसाला तो आपल्याच गोलापुढे, अंगावर दोन आघाडीवीर धावून येत असताना, चेंडू खेळवायला सांगत होता. तो बिचारा चेंडू घालवायचा, गोल व्हायचा, आणि भाचा त्याला दंड करायचा. आम्ही म्हणालो, "अरे, त्याला जे येत नाही ते तू मागतोस आणि वर पगार कापतोस. हे कोणाचे राज्य?"

मग आम्ही कागद घेतला आणि या माणसांना काय येते ते उतरवून काढले. नाजूक कामाचे सगळे आकडे सात-आठ-नऊ. पण एका उंच आघाडीवीराची उडी पंधरा आणि ताकद चौदा. एक पोरगेला आघाडीवीर, वेग पंधरा. एका बचावपटूचा हाताने लांब चेंडू फेकण्याचा गुण सोळा. आणि मधल्या फळीतली दोन माणसे अशी की पास नऊ, पण दमसास आणि कष्टाळूपणा पंधराच्या वर. कागदच सांगत होता की हा संघ थेट खेळणारा आहे. भाचा कुरकुरला. "मामा, लाँग बॉल? सगळे हसतील."

हसणारे कोण असतात हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्या बोलीला अशुद्ध म्हणून हसले, आपल्या जलशाला गावठी म्हणून हसले. फुटबॉलमध्येही थेट खेळणाऱ्याला धसमुसळा म्हणायची रीत आहे, आणि ती रीत बहुधा त्यांचीच, ज्यांच्याकडे विणून खेळणारी माणसे विकत घ्यायला पैसा असतो. थेट खेळ म्हणजे डोळे मिटून चेंडू उडवणे नव्हे. चेंडू मिळाला की कमीत कमी पासांत समोरच्या गोलाजवळ न्यायचा आणि तिथे आपली माणसे त्याच क्षणी हजर ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ. पहिली गोष्ट सोपी आहे. दुसरीसाठी डोके आणि छातीचा भाता दोन्ही लागतात.

भाच्याला आम्ही वॉटफर्डची गोष्ट सांगितली. १९७७ साली ग्रॅहम टेलर तिथे मॅनेजर झाले तेव्हा क्लब चौथ्या श्रेणीत होता. १९८२ साली तो पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि पहिल्याच हंगामात, १९८३ साली, लिव्हरपूलच्या खालोखाल दुसरा आला. खेळ सगळा थेट. त्या हंगामात २७ गोल करून साखळीत अव्वल ठरला लूथर ब्लिसेट, आणि डाव्या बगलेवर होता जॉन बार्न्स. दोघेही जमैकात जन्मलेले काळे खेळाडू. त्या काळी इंग्लंडच्या मैदानांवर काळ्या खेळाडूंना माकडाचे आवाज काढून चिडवत आणि त्यांच्या अंगावर केळी फेकत. पुढे लिव्हरपूलकडून खेळताना १९८८ साली मैदानात पडलेले केळे बार्न्सने टाचेने बाजूला उडवले, ते छायाचित्र जगभर गाजले. पँथरच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना त्या छायाचित्राखाली ओळ लिहायची गरज नाही.

विम्बल्डनची कथा त्याहून झणझणीत. १९७७ साली त्यांना व्यावसायिक साखळीत प्रवेश मिळाला, १९८६ साली ते पहिल्या श्रेणीत गेले, आणि १४ मे १९८८ रोजी वेम्ब्लीच्या मैदानावर एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी लिव्हरपूलला एका गोलाने हरवले. लिव्हरपूल त्या वर्षीचे साखळी विजेते होते आणि त्यांच्या संघात बार्न्सही होता. लॉरी सांचेझने डोक्याने गोल केला आणि डेव्ह बीझंटने पेनल्टी अडवली. वेम्ब्लीवरच्या कप फायनलमध्ये अडवली गेलेली ती पहिली पेनल्टी. त्या संघातला विनी जोन्स काही वर्षांपूर्वी इमारतीच्या कामावर विटा वाहत होता. त्यांचा खेळ राकट होता, कधी कधी नको तितका राकट होता, हेही सांगितले पाहिजे. सगळेच काही गोड मानून घ्यायचे नाही.

भाचा आता तयार झाला. उलट जरा जास्तच तयार झाला. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "मामा, हे तर सायन्सने सिद्ध केलंय. शंभरातले ऐंशी गोल तीन किंवा त्याहून कमी पासांत होतात. म्हणजे थेट खेळच बेस्ट." आम्ही म्हणालो, थांब. असे कुठे छापून आले म्हणून मान डोलवायची नाही, हे आपल्याला कालाम सुत्तापासून सांगितलेले आहे. आकडा कुठून आला?

तो आला चार्ल्स रीप या गृहस्थांकडून. हे इंग्लंडच्या वायुदलात हिशेबाच्या खात्यात होते. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउनचा सामना बघताना संघाच्या संथ खेळाला ते कंटाळले आणि उत्तरार्धात खिशातली वही काढून प्रत्येक चढाईची नोंद करू लागले. पुढे आयुष्यभर त्यांनी तेच केले. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन यांच्याबरोबर त्यांचा लेख तिथल्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. शंभरातले सुमारे ऐंशी गोल तीन किंवा कमी पासांच्या चढायांतून होतात, हा त्यांचा आकडा. आकडा खोटा नाही. पण त्याच नोंदींत दुसराही आकडा आहे. मुळात शंभरातल्या नव्वदहून अधिक चढाया तीन किंवा कमी पासांतच संपतात.

आता हे गावाच्या हिशेबाने पाहा. एका गावात शंभर घरे आणि शंभर एकर जमीन. ९१ घरांकडे मिळून ८० एकर, ९ घरांकडे मिळून २० एकर. कोणी भाषण ठोकले की "गावातली ऐंशी टक्के जमीन आमच्या ९१ घरांकडे, आम्हीच खरे बागायतदार", तर आपण काय म्हणू? दर घरी एकरभरसुद्धा येत नाही, आणि त्या नऊ घरांकडे दोन-दोन एकरांहून जास्त! तसेच हे. लांब विणलेल्या चढाया थोड्या असतात, पण दर चढाईमागे गोल त्यांतून जास्त होतात. २००५ साली माइक ह्यूज आणि इयान फ्रँक्स या अभ्यासकांनी १९९० आणि १९९४ च्या विश्वचषकांतले आकडे घेऊन हेच दाखवले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. थेट खेळातून गोलावर जे फटके बसतात, त्यांतले गोलात जाण्याचे प्रमाण मात्र अधिक असते. समोरचा बचाव तेव्हा सावरलेला नसतो.

भाचा गोंधळला. "म्हणजे थेट खेळ चूक?"

चूक नाही. पण दहा-दहा पास न चुकता खेळणारे संघ बहुधा ज्यांच्याकडे चांगली माणसे आहेत तेच असतात. त्यांच्या सरासरीचा आपल्या सात-आठ गुणांच्या माणसांना काय उपयोग? आपण थेट खेळतो ते विज्ञानाने तेच श्रेष्ठ ठरवले म्हणून नाही, आपल्या माणसांना तेच येते म्हणून. ही दोन कारणे वेगळी आहेत. पहिले धरले की माणूस हट्टी होतो आणि संघ बदलला तरी तेच खेळवत बसतो. खुद्द टेलरसाहेब पुढे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे मॅनेजर झाले आणि १९९४ च्या विश्वचषकासाठी इंग्लंड पात्रही ठरले नाही.

आता रचनेकडे येऊ. भाच्याकडे २०२४ ची आवृत्ती आहे. पद्धत सोपी ठेवली. मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. पुढच्या दोघांत एक तो उंचापुरा, ज्याच्या डोक्यावर चेंडू टाकायचा. त्याच्या शेजारी वेगवान पोरगा, जो उंचाने डोक्याने सोडलेल्या चेंडूवर झेप घेईल. गोलरक्षकाला सूचना, चेंडू हाताने टाकू नकोस, लांब लाथाड. पासांचा कल थेट, खेळाची गती वाढवलेली, बगलेवरच्यांनी लवकर क्रॉस टाकायचा. आणि लांब फेकीवाल्याला समोरच्या गोलाजवळच्या थ्रो-इनवर उभे करायचे. स्टोक सिटी २००८ साली वरच्या श्रेणीत आली तेव्हा रोरी डीलॅप हातानेच चेंडू गोलाच्या तोंडाशी फेकायचा आणि मोठमोठे संघ गांगरायचे. शाळेत असताना तो भालाफेकीत विजेता होता. कोणते कसब कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

पहिले दोन सामने तरीही हरलो. (हो, आता "हरलो" म्हणायला लागलो होतो.)

सामना पुन्हा लावून पाहिला तेव्हा दोष दिसला. गोलरक्षकाचा चेंडू उडत जायचा, आपला उंच माणूस उडी मारायचा, कधी त्याच्या डोक्याला लागायचा, कधी समोरच्याच्या. दोन्ही वेळा चेंडू खाली पडायचा तिथे आपला एकही माणूस नसायचा. थेट खेळात पहिल्या चेंडूपेक्षा हा दुसरा चेंडू महत्त्वाचा. उडालेला चेंडू कोण जिंकतो याचा भरवसा नसतो, पण तो पडेल तिथे आपली तीन माणसे उभी असली की बाजी आपली. भाच्याने भीतीपोटी बचावाची फळी पार मागे ठेवलेली. त्यामुळे मागचे चार आपल्या गोलाशी, पुढचे दोन परक्याच्या गोलाशी, आणि मधले दोघे पन्नास मीटर रानात धावून धावून सत्तराव्या मिनिटाला गळून गेलेले. फुटबॉलचे मैदान १०५ मीटरांच्या आसपास लांब असते. सगळे मैदान आपणच ताणून धरले तर कष्टाळू माणूस कष्टानेच मरतो.

फळी पुढे सरकवली. मधल्या जोडीतला एक चेंडू हिसकावणारा, जागा न सोडणारा, आणि दुसरा दोन्ही टोकांना धावणारा, असे काम वाटून दिले. पण फळी पुढे आणली की मागे रान मोकळे पडते, आणि आपले मधले बचावपटू तर मंद, वेग आठ. पुढच्या सामन्यात त्यांच्या पाठीमागे चेंडू टाकून समोरच्यांनी दोन गोल केले. शेवटी फळी ना फार पुढे, ना फार मागे, अशी ठेवली आणि दमलेल्या मध्यरक्षकांना साठाव्या मिनिटालाच बदलायचे ठरवले. हा बदल करायला भाच्याला तीन रात्री लागल्या. बहिणीला आम्ही सांगितले, अभ्यास चाललाय म्हण. तिला काही पटले नाही.

तरी एक गाठ सुटेना. उंच माणसाची उडी पंधरा, पण समोरच्या संघांचे मधले बचावपटूही तसलेच, पंधरा-सोळा. बरोबरीची झुंज. इथे आम्हाला नॉर्वे आठवले. पंचेचाळीस लाखांच्या आतबाहेर वस्तीचा देश. १९९० साली तिथे एगिल ओल्सेन प्रशिक्षक झाले. क्रीडाशास्त्राच्या विद्यालयात शिकवणारे मास्तर, विचाराने कट्टर मार्क्सवादी, आणि आकड्यांचे वेडे. त्यांनी उंच आघाडीवीर योस्टाइन फ्लो याला मध्ये उभा न करता उजव्या बगलेवर ठेवला. का? कारण समोरचा डावा बचावपटू बहुधा बुटका, चपळ असतो. उंच माणसाला उंचाशी भिडवण्यापेक्षा बुटक्याशी भिडवा! डावीकडून तिरपा लांब चेंडू उजवीकडे फ्लोच्या डोक्यावर, आणि तिथून तो मध्ये. या खेळावर नॉर्वे १९९३ साली जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानी गेले. १९९४ आणि १९९८ च्या विश्वचषकांत खेळले, आणि २३ जून १९९८ रोजी त्यांनी ब्राझीलला २-१ असे हरवले.

संगणकातल्या खेळातही ही भूमिका आहे, बगलेवरचा उंच आघाडीवीर. आम्ही आमच्या गड्याला मध्यातून काढून उजवीकडे, मध्यफळीच्या एक पाऊल पुढे नेले. पण त्याला ती जागा येत नव्हती. या खेळात माणसाला नवी जागा सरावाने शिकवता येते, काही महिने जातात. भाचा म्हणाला, "नॅचरल पोझिशन नाही मामा त्याची." आम्ही हसलो. नैसर्गिक जागा! बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले की जात ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांची विभागणी आहे. अकरा माणसांनी कामे वाटून घेणे वेगळे, आणि तू इथेच उभा राहा, दुसरे काही शिकू नकोस, असे बजावणे वेगळे. आपल्या पालवणकर बाळूंची फिरकी सगळ्यांना हवी होती, पण कर्णधारपद काही त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना हिंदू संघात मिळाले, तेही १९२३ साली. असो, गडी शिकला. समोरच्या डाव्या बचावपटूची उडी नऊ आणि आमच्याची पंधरा! चेंडू पडू लागला तो आमच्याच माणसांपुढे. पुढच्या दहा सामन्यांत चार जिंकले, तीन बरोबरीत सुटले. चोवीस संघांत सतरावा क्रमांक आला. मिरवणूक काढावी असे काही नाही, पण खाली घसरणाऱ्या दोघांत आपण नाही.

इथवर सगळे ठीक होते. मग त्या डाव्या बचावपटूवरून आमचे मामा-भाच्यांचे भांडण झाले.

आपला डावा बचावपटू, वय अठरा. भाचा त्याला काढून टाकायला निघाला. "दीड स्टार आहे मामा. पोटेन्शियलच नाही त्याच्यात." म्हणजे काय, आम्ही विचारले. तेव्हा कळले की वीसच्या मापाखाली आणखी एक माप दडलेले आहे, दोनशेचे. एक आकडा आजच्या कुवतीचा आणि एक कमाल कुवतीचा. हा दुसरा आकडा खेळ सुरू होताना ठरतो. खेळ बनवणाऱ्यांची माहिती गोळा करणारी माणसे तो देतात, किंवा कोवळ्या पोरांबाबत नुसती वरची-खालची मर्यादा देतात आणि संगणक त्या मर्यादेतला एक आकडा चिठ्ठी काढल्यासारखा काढतो. एकदा ठरला की ठरला. पोराने वीस वर्षे घाम गाळला तरी त्या आकड्याच्या वर तो जायचा नाही. आणि तो आकडा मॅनेजरला दिसतही नाही. दिसतात त्या चांदण्या, आणि त्या आपल्या हेरांचा अंदाज असतात, तोही आपल्याच संघातल्या इतरांच्या तुलनेत.

वाचकहो, आम्हाला हे भारी लागले. जन्मतःच कपाळावर आकडा मारायचा, तो त्यालाच दाखवायचा नाही, आणि इतरांनी त्यावरून त्याची लायकी ठरवायची. हे आपण कुठे पाहिलेय?

आम्ही त्याला जेमी वार्डीचे सांगितले. सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडे क्लबने त्याला फार लहानखुरा म्हणून काढून टाकले. मग तो कारखान्यात रुग्णांसाठी आधारपट्ट्या बनवायचा आणि स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबकडून आठवड्याला तीस पौंडांवर खेळायचा. इंग्लंडच्या वरच्या साखळीत पहिला गोल केला तेव्हा तो २७ वर्षांचा होता. आणि २०१५-१६ च्या हंगामात त्याने २४ गोल केले, लेस्टर सिटी ८१ गुणांनी विजेती ठरली. हंगामापूर्वी सट्टेवाल्यांनी लेस्टरवर एकाला पाच हजार भाव लावला होता. खेळ कसला? थेट! दोन फळ्या चार-चारांच्या, चेंडू बहुतेक वेळ समोरच्यांच्या पायात, तो हिसकावला की वार्डीच्या पुढच्या मोकळ्या रानात. उंच माणसाच्या डोक्यावर नव्हे, धावणाऱ्याच्या पुढ्यात. थेट खेळाचे हे दुसरे रूप.

भाचा काही कच्चा नाही. म्हणाला, "मामा, पुढच्या आवृत्तीत आकडे सुधारतात की. आणि कुठेतरी छप्पर नको? नाहीतर वीस वर्षांनी सगळेच दोनशेचे होतील. कॉम्प्युटरला हिशेब तर करायला पाहिजे." हे त्याचे म्हणणे आम्हाला खोडता आले नाही. यंत्राला छप्पर लागत असेल. आमचे एवढेच म्हणणे होते की जो आकडा तुला दिसत नाही, त्याच्या जोरावर तू त्या पोराला घरी का पाठवतोस?

त्यावर भाचा काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला. "तुझ्या दहावीच्या बाईंनी पण मला हेच सांगितलं होतं. सायन्सच्या नादाला लावू नका, त्याच्याच्यानं होणार नाही. मी ऐकलं असतं तर?"

भाकरी थापण्याचा आवाज तेवढा येत राहिला. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग त्याने करार संपवायचे बटण सोडून दिले आणि त्या पोराला डाव्या बाजूला उभे केले. समोर वेगवान बगलवीर असेल तेव्हा डाव्या मध्यरक्षकाने मागे येऊन त्याला हात द्यावा, अशी सूचनाही लावली.

परवाच्या सामन्यात त्या पोराने सत्त्याऐंशीव्या मिनिटाला एकाला पाडून पेनल्टी दिली आणि आपला विजय गेला. भाच्याचा रात्री अकराला फोन. "मामा, काय करू याचं?" आम्ही विचारले, मध्यरक्षक मागे आला होता का? तो म्हणाला, थांबा, परत लावून बघतो. रविवारी वंदना झाली की आम्ही तिकडे जाणार आहोत. बहिणीला मात्र अजून सांगितलेले नाही.